तालिकोटची लढाई आणि घोड्यांची उधारी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. या लेखाचे मूळ वसतिगृहातल्या एका वादात आहे. मी मराठी शाळेत 'तालिकोटची लढाई' शिकलो. माझा कानडी मित्र तिला 'रक्कस-तंगडगीचे युद्ध' म्हणतो. कोणाचे नाव खरे, यावरून आमचे दोन दिवस जुंपले आणि शेवटी ग्रंथालयात जावे लागले. तेथे निकाल त्याच्या बाजूने लागला. सुलतानांच्या फौजा जमल्या तालिकोटला. पण प्रत्यक्ष झुंज झाली ती बरीच दूर, कृष्णेच्या दक्षिणेस, रक्कसगी आणि तंगडगी या गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसरात. तारीख २३ जानेवारी १५६५.

ग्रंथालयात गेल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 'चार सुलतानांनी धर्मासाठी एक होऊन विजयनगर बुडवले' हे शाळेत पाठ केलेले वाक्य पुरेसे नाही. राजा होता सदाशिवराय, पण कारभार सगळा रामरायाच्या हाती. आणि हा रामराय वर्षानुवर्षे सुलतानांच्या आपसांतल्या भांडणात आज या बाजूने तर उद्या त्या बाजूने उतरत आला होता. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्यापूर्वी सात वर्षे विजयनगरच्या आश्रयाला होता. विजापूरचा अली आदिलशहा तर रामरायाचा मुलगा वारला तेव्हा स्वतः समाचाराला गेला. फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की तेथे त्याला मुलगा मानले, आदरसत्कार झाला. पण परत निघताना रामराय त्याला पोचवायला आला नाही, तो अपमान अली विसरला नाही. पुढे दोघांनी मिळून अहमदनगरवर स्वाऱ्या केल्या. असे हे घरोब्याचे वैरी!

अखेर अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी अलीला दिली आणि ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही घराणी पिढ्यान् पिढ्या भांडत होती, तो आंदण म्हणून दिला. गोवळकोंडा आणि बीदर येऊन मिळाले. वऱ्हाडची इमादशाही दूर राहिली. एवढे सगळे जुळले ते रामराय एकेकाला पुरून उरत होता म्हणून, असे माझे मत झाले आहे.

लढाईचे वर्णन येथे करीत नाही. ते पुष्कळ ठिकाणी सापडते. म्हातारा रामराय पकडला गेला, हुसेनच्या हुकुमाने त्याचे शिर उडवले गेले आणि सैन्याचा धीर सुटला. भाऊ तिरुमल खजिना आणि नामधारी राजा घेऊन पेनुगोंड्याला निघून गेला.

मला खरे खिळवून ठेवले ते सीझर फ्रेडरिक या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने. लढाईनंतर दोन वर्षांनी, १५६७ साली, तो गोव्याहून विजयनगरला गेला. बरोबरच्या व्यापाऱ्यांकडे अरबी घोडे होते. घोडा हा त्या काळचा दारूगोळाच म्हणायचा. दक्षिणेत चांगली पैदास होत नसे, जहाजाने येई तेवढाच. म्हणून तर १५४७ च्या तहात पोर्तुगीजांनी गोव्याला उतरणारे घोडे विजापूरला न देता विजयनगरलाच विकू देण्याचे कबूल केले होते. फ्रेडरिक जकातीचे दरसुद्धा देतो. जहाजात वीस घोडे असतील तर बाकीच्या मालावर जकात माफ, एकही नसेल तर शेकडा आठ. आणि गोव्यातून देशात जाणाऱ्या प्रत्येक घोड्यावर बेचाळीस होन. हे वाचताना मला आमच्या जमाखर्चाच्या तासाची आठवण झाली.

तिरुमलाने त्या वेळी दवंडी दिली होती, की लढाईत हरवलेले, आमच्या छापाचे घोडे कोणी आणले तर चांगली किंमत देऊ. व्यापाऱ्यांनी आणले. त्याने गोड बोलून ठेवून घेतले आणि एक पैसाही न देता त्यांना वाटेला लावले. माझ्या वडिलांचे किराणा दुकान आहे. बुडीत उधारीची वही कशी असते ते मी लहानपणापासून पाहतो. राज्य मोडले म्हणजे नेमके काय मोडले, ते मला या घोड्यांवरून कळले. फ्रेडरिकने पाहिलेल्या शहरात घरे उभी होती, पण ओस पडलेली. गिऱ्हाईक गेल्यावर गोव्याच्या बाजारालाही झळ बसल्यावाचून राहिली नाही.

जिंकणाऱ्यांची एकी फार टिकली नाही. हुसेन त्याच वर्षी वारला. १५७० साली विजापूर आणि अहमदनगर पुन्हा एकत्र आले खरे, एकाने गोव्याला आणि दुसऱ्याने चौलला वेढा घातला, पण पोर्तुगीज काही हलले नाहीत. विजापूरने मात्र दक्षिणेकडे हात पसरले; धारवाड, बंकापूर घेतले. तिकडे विजयनगरचे राज्य पेनुगोंडा, चंद्रगिरी असे मागे सरकत आणखी काही पिढ्या चालले. पण मदुरा, तंजावर, इक्केरीचे नायक आपापल्या जागी राजे होऊन बसले. राजा वडेयरने १६१० मध्ये श्रीरंगपट्टण घेतले. १६३९ मध्ये इंग्रजांना मद्रासची जागा मिळाली, तीही अशाच एका नायकाकडून.

आणि आपण मराठी माणसे? विजापूरच्या त्याच दक्षिणेकडील मोहिमांत शहाजीराजे बंगळूरला आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरचे राजे झाले आणि भोसल्यांचे ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. तेथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सन १८०३ चा.

हे मी मित्राला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे आमचे तंगडगी तुमच्याही उपयोगी पडले की रे!" तेव्हापासून बोलताना मी त्याचेच नाव वापरतो. शीर्षकात तालिकोट ठेवले ते केवळ मराठी विभागाच्या वाचकांना ओळख पटावी म्हणून.