शंका कवितेवर की कवीवर?

गेल्या वर्षी या वार्षिकांकासाठी कविता लिहिली आणि मुदत टळेपर्यंत वहीतच ठेवली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कविता जमली नाही म्हणून दिली नाही, असे मित्रांना सांगितले. ते खरे नव्हते. ‘हा कोण मोठा कवी लागून गेला?’ असे कुणी म्हणेल, ही धास्ती होती.

या धास्तीचा विचार करताना देहू आठवते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंपरा सांगते की, वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचा आक्षेप अभंग कच्चे आहेत असा नव्हताच. शूद्राला वेदार्थ सांगण्याचा अधिकार नाही, असा होता. म्हणजे शंका कवितेवर नव्हती, कवीवर होती. कवितेवरच्या शंकेला उत्तर देता येते. शब्द बदलावा, ओळ खोडावी. कवीवरच्या शंकेत काय खोडणार? तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. पुढे रामेश्वर भट्ट त्यांचे अनुयायी झाले म्हणतात. आमच्या मनातला रामेश्वर भट्ट मात्र इतक्या लवकर वळत नाही.

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पदव्या हाती असूनही ‘आपण लोकांना फसवतो आहोत, एक दिवस उघडे पडू’ असे या स्त्रियांना वाटे. त्याच वर्षी दया पवारांचे ‘बलुतं’ आले. त्यात शिकलेला दया पवार आणि गावाकडचा दगडू मारुती पवार समोरासमोर बसले आहेत, आणि दोघे एकच आहेत! हा योगायोग मला बोलका वाटतो. पण दगडूचे दडपण नुसत्या मनाचे खेळ नव्हते. ते गावाने आणि जातीने पढवलेले होते. म्हणून ‘आत्मविश्वास बाळगा’ हा व्यासपीठावरचा उपदेश मला तोकडा वाटतो.

यंदा कविता मराठीच्या सरांना दाखवली. तिसऱ्या कडव्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ते म्हणाले, “इथे यमकासाठी खोटं बोललास.” वाईट वाटले, आणि हलकेही वाटले. बोट ठेवायला जागा तरी होती. ते कडवे चार वेळा लिहिले, अखेर काढून टाकले. उरलेल्या दोन कडव्यांखाली नाव घालताना हात जरा अडखळला. मग आडनावासकट पूर्ण नाव लिहिले.