बुधाचा दिवस केवढा?

पृथ्वीवर वर्षात ३६५ दिवस असतात. बुधावर मात्र एक दिवस दोन वर्षांचा असतो! हे कसे, ते पाहू.

बुधाचे सूर्याभोवतीचे परिभ्रमण ८८ दिवसांत पूर्ण होते. परिवलनासही ८८ दिवसच लागतात, असे इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्ली यांनी १८८९ मध्ये जाहीर केले. तसे असते, तर बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे राहिली असती. हे मत पाऊणशे वर्षे टिकले.

१९६५ मध्ये पेटेनगिल व डाइस यांनी पोर्तो रिकोतील अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून बुधाकडे रडारलहरी सोडल्या. फिरत्या ग्रहाची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. त्यामुळे एका कडेवरून परतणाऱ्या लहरींची कंप्रता किंचित वाढते, दुसरीवरून येणाऱ्यांची घटते. या फरकावरून परिवलनकाल निघाला सुमारे ५९ दिवस! अचूक आकडा आहे ५८.६५ दिवस, म्हणजे परिभ्रमणकालाच्या दोन-तृतीयांश. दोन परिभ्रमणांत तीन परिवलने.

मग जुने निरीक्षक फसले कसे? बुध सूर्याजवळ असल्याने नीट क्वचितच दिसतो. निरीक्षणास अनुकूल स्थिती साधारण ३४८ दिवसांनी पुन्हा येते. तेवढ्यात बुधाची जवळजवळ सहा परिवलने होतात आणि तीच बाजू पुन्हा समोर येते. परिवलनकाल ८८ दिवस मानला, तर चार परिवलने होतील, पण बाजू तीच दिसेल! निरीक्षण बरोबर होते; मात्र त्याचा दुसराही अर्थ संभवतो, हे कोणी तपासले नाही.

आता दिवस मोजू. परिवलनांतून परिभ्रमणे वजा केली, की दिवसांची संख्या मिळते. पृथ्वीची वर्षात ३६६.२५ परिवलने होतात. त्यांतून १ वजा करता ३६५.२५ दिवस. बुधासाठी ३ वजा २, म्हणजे दोन बुधवर्षांत एकच दिवस : आपले १७६ दिवस.

पटत नाही? वर्गात मधोमध खुर्ची ठेवा, ती सूर्य. तिच्याकडे तोंड करून उभे राहा, ही मध्यान्ह. आता खुर्चीला डावीकडून उजवीकडे वळसा घाला आणि त्याच दिशेने स्वतःभोवतीही फिरा. समोरच्या भिंतीवरून मोजून एका फेरीत दीड गिरकी घ्या. फेरी संपताच खुर्चीकडे पाठ होईल, ही मध्यरात्र. दुसरी फेरी संपली, की पुन्हा मध्यान्ह!