जेवलास का?

कतार हा अरबी द्वीपकल्पाच्या पूर्वेकडील एक छोटा देश आहे. दोहा ही त्याची राजधानी. दोहा शहराच्या नैर्ऋत्येला इंडस्ट्रियल एरिया नावाची मोठी वसाहत आहे. अरबीत तिला सनैया म्हणतात. तेथील रस्ते क्रमांकांनी ओळखले जातात. जिकडे तिकडे गॅरेज, गोदामे, कारखाने आणि कामगारांच्या राहण्याच्या खोल्या दिसतात. भारत, नेपाळ, बांगलादेश अशा अनेक देशांतील माणसे तेथे पोटासाठी आलेली आहेत. एका खोलीत कितीतरी जण राहतात.

संध्याकाळी काम संपले, की कामगार घरी फोन लावतात. घरची माणसे आधी काय विचारतात? "जेवलास का?" प्रश्न साधा आहे. पण त्याचे खरे उत्तर देणे काही जणांना फार अवघड जाते. असे का होते, ते आज आपण पाहू.

कतारमधील उन्हाळा फार कडक असतो. म्हणून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास तेथे बंदी असते. २०२१ पासून हा नियम आहे. अशा उन्हात भूक मंदावते. डब्यातला भात तसाच राहतो. पण थंड खोलीत विसावा घेतला, पाणी प्याले, की भूक परत येते. हा खाण्याचा आजार नव्हे.

रमजानच्या महिन्यात मुसलमान लोक दिवसभर रोजा ठेवतात. सूर्य मावळला, की खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडतात. आपल्याकडे एकादशीचा उपवास द्वादशीला सोडतात. उपवास ठरलेल्या वेळी सुटतो आणि माणूस आनंदाने जेवतो. हाही आजार नव्हे.

मग आजार कोणता? कधी कधी भूक असूनही माणसाला जेवायची भीती वाटते. आपण जाड होऊ, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. कोणी एकदम खूप खातो. थांबावेसे वाटते, पण थांबता येत नाही. मग लाज वाटते, म्हणून तो लपून खातो. कोणाला घास घशात अडकेल अशी भीती वाटते. यांना खाण्याचे विकार म्हणतात. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी अशा एका विकाराचे वर्णन केले. हे विकार मुलींना होतात, तसे मुलांना आणि मोठ्या माणसांनाही होतात. हा हट्ट नव्हे, नखरेही नव्हेत. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होऊ शकतो.

समजा, एका मुलाचे बाबा इंडस्ट्रियल एरियात काम करतात. मुलगा गावी आई आणि ताईबरोबर राहतो. ताई हल्ली सर्वांबरोबर जेवायला बसत नाही. "मैत्रिणीकडे खाल्ले," "आज उपवास आहे," असे काहीतरी सांगते. तिला थंडी वाजते, चक्कर येते. ती लवकर चिडते. सारखी आरशात पाहते. बाबांनी फोनवर विचारले, की मात्र "जेवले" म्हणते. दूर असलेल्या बाबांना तिचे ताट दिसत नाही. भावाला दिसते.

भावाने काय करावे? त्याने ताईला चिडवू नये. "किती वाळलीस!" असेही म्हणू नये. आईला किंवा बाईंना, जे पाहिले ते सांगावे. ही चहाडी नव्हे, ही मदत आहे. आईने ताईला डॉक्टरांकडे न्यावे. शरीराला अन्न कमी पडले, की हृदयालाही त्रास होतो. म्हणून उशीर करू नये. ताईला शरीराच्या डॉक्टरांची गरज असते, तशी मनाच्या डॉक्टरांचीही असते.

भारतात १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. ती २०२२ साली सुरू झाली. तेथे मराठीतूनही बोलता येते. कतारमध्ये मनाच्या त्रासासाठी १६००० हा क्रमांक आहे. इंडस्ट्रियल एरियात हज्म मुबैरीक हे सरकारी रुग्णालय २०१८ पासून आहे. दोह्यातील सिद्रा रुग्णालयात मुलांच्या मनाच्या आजारांवरही उपचार होतात.

मुलांनो, जेवणाची भीती तुम्हालाच वाटत असेल, तर "जेवलो" असे खोटे सांगू नका. "मला जेवायची भीती वाटते," एवढेच विश्वासाच्या माणसाला सांगा. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. पुढची वाट मोठी माणसे आणि डॉक्टर मिळून काढतील.

स्वाध्याय

१. उन्हामुळे भूक मंदावणे आणि खाण्याचा विकार यांत काय फरक आहे?
२. ताई आजारी आहे, हे भावाला कशावरून कळले?
३. "ही चहाडी नव्हे, ही मदत आहे," असे का म्हटले आहे?
४. तुमच्या विश्वासाच्या तीन मोठ्या माणसांची नावे वहीत लिहा.