तिकीट व्हर्जिनियात, पत्र न्यू जर्सीत

नव्याने अमेरिकेत आलेली मराठी मुलं हमखास विचारतात, "काका, दुसऱ्या राज्यात पोलिसाने थांबवलं, आता काय होईल?" न्यू जर्सीत राहून जे पाहिलं आणि समजून घेतलं, ते सांगतो.

१. "तिथे आपल्याला कोण ओळखतं?" हा विचार सोडा. इथे प्रत्येक राज्याचा वाहतूक कायदा वेगळा असला, तरी १९६०च्या दशकापासून 'ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट' हा करार आहे. एक चालक, एक लायसन्स, एक नोंद हे त्याचं सूत्र. बहुतेक राज्यं त्यात आहेत आणि परक्या चालकाचा गुन्हा शाबित झाला की त्याच्या राज्याला कळवतात.

२. तिकिटाला मुदतीत उत्तर द्या. ओळखीच्या एका मुलाला व्हर्जिनियात वेगाचं तिकीट मिळालं. ते गाडीच्या खणात, टोलच्या पावत्यांखाली पडून राहिलं. काही महिन्यांनी न्यू जर्सीहून पत्र आलं: तिथलं प्रकरण मिटवा, नाहीतर लायसन्स निलंबित. हा १९७७च्या 'नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट'चा परिणाम. याच करारामुळे परराज्यातल्या चालकाला जामीन न मागता जाऊ देतात. आपल्या शब्दावर सोडलंय, तर तो पाळलाच पाहिजे.

३. पैसे भरण्याआधी तिकीट दोन्ही बाजूंनी वाचा. बहुतेक ठिकाणी दंड भरणं म्हणजेच गुन्हा कबूल करणं, आणि मग तो नोंदीत जातो. आरोप गंभीर असेल तर त्याच गावातला वकील गाठा. तिथल्या कोर्टाची रीत त्याला ठाऊक असते.

४. आपल्या राज्याचा हिशेब माहीत करून घ्या. परराज्यातल्या साध्या गुन्ह्याला न्यू जर्सी चालकाच्या नोंदीवर दोन पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण, लावते. न्यूयॉर्क इतर राज्यांतल्या तिकिटांना पॉइंट लावत नाही, पण कॅनडातल्या ओंटारिओ आणि क्वेबेकच्या तिकिटांना लावते. दारू पिऊन गाडी चालवणं किंवा कुणाला जखमी करून पळून जाणं मात्र घरीच घडल्यासारखं धरतात. आणि व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. शेनन्डोआची पानगळ बघायला निघालेल्यांनी हे विसरू नये.

५. राज्य बदलण्याआधी जुनं प्रकरण मिटवा आणि कोर्टाची पावती जपून ठेवा. 'नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर'मध्ये लायसन्स निलंबित वा रद्द झालेल्यांची आणि गंभीर गुन्हे शाबित झालेल्यांची नावं असतात. सगळा तपशील तिथे नसतो. तो कोणत्या राज्याकडे आहे, एवढं कळतं. नवं लायसन्स देण्याआधी राज्याचं वाहन खातं, म्हणजे डीएमव्ही, तिथे पाहतं.

६. व्हिसावर असाल, तर प्यायल्यावर स्टिअरिंगला हात लावू नका. नशेत गाडी चालवताना नुसती अटक झाली, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. शिक्षेची वाट पाहत नाही. टॅक्सीचे पैसे खर्च करा.

७. राज्यांच्या या सहकार्याचा राग धरू नका. एका राज्यात दारूपायी लायसन्स गमावलेल्याला शेजारच्या राज्यात लगेच दुसरं मिळालं असतं, तर हायवेवर त्याच्या बाजूच्या लेनमध्ये आपलीच मुलंबाळं असती. म्हणून मला ही देवाणघेवाण हवीशी वाटते, माझी स्वतःची नोंदही त्यात आली तरी.