उत्तर आले नाही, तर?

खारदांड्याच्या कोळीवाड्यातली होडी ठरल्या वेळी परतली नाही, की किनाऱ्यावर काळजी सुरू होते. होडीने काही कळवलेले नसते. निरोप न येणे हाच तेथे निरोप असतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी हेच तत्त्व वापरता येते.

समजा, तुमची आजी या वस्तीत एकटी राहते आणि तुम्ही बोरिवलीला. पाय घसरून ती पडली, तर तिला फोनपर्यंत पोचता येईलच असे नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी भारत सरकारची १४५६७ ही मोफत दूरध्वनिसेवा आहे. पण तेथेही आधी कोणीतरी फोन करावा लागतो.

मग उलट करू. रोज सकाळी आठ वाजता यंत्रच आजीला फोन करील आणि सांगेल, 'बरे असल्यास १ दाबा.' अमेरिकेत काही गावांची पोलीस खाती अशी सेवा चालवतात.

यंत्राला '१' कसा कळतो? हे बटण दाबले, की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ कंप्रतेचे दोन स्वर एकदम उमटतात. '२' साठी ६९७ आणि १३३६. (कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने.) यंत्र हे स्वर वेगळे करून अंक ओळखते. स्वर दोन का? एखादा स्वर बोलण्यातही सहज येईल. नेमकी हीच जोडी येणे दुर्मीळ.

उत्तर आले नाही, तर यंत्र तुम्हाला कळवते. खार रोडला थांबणाऱ्या लोकलमध्येही हीच युक्ती असते. मोटरमनने दाबून धरलेली मूठ चालत्या गाडीत सुटली, तर ब्रेक आपोआप लागतात.

आता थोडे गणित. आठच्या फोनला उत्तर देऊन आजी सव्वाआठला पडली, तर पावणेचोवीस तास यंत्राला पत्ता नाही! पडण्याची शक्यता दिवसभर सारखी धरली, तर सरासरी विलंब १२ तास. बारा तासांच्या अंतराने दोन फोन केले, तर ६ तास.

तुम्ही म्हणाल, दर तासाला फोन करू या! पण मग आजी कंटाळेल, आणि खोटे इशारेही वाढतील. समजा, सारे ठीक असतानाही २० पैकी एका फोनला उत्तर राहून जाते. म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा फोन केला. दोन्ही चुकण्याची शक्यता १/२० × १/२० = १/४००, असे वाटते ना? पण दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तरच हा गुणाकार चालतो. आजी मासळी बाजारात गेली असेल, तर दोन्ही फोन चुकणारच. म्हणून शेवटची कडी माणसाचीच हवी : घराची किल्ली जवळ असलेली शेजारीण.

आणखी एक गोष्ट. यंत्राला एवढेच कळते, की १ दाबला गेला. आजीचा आवाज खोल गेला आहे, काल ती जेवली नाही, हे त्याला कळत नाही. त्यासाठी तुम्हीच फोन करायला हवा.

करून पाहा : सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ असे तीन फोन ठेवले, तर सरासरी विलंब ४ नव्हे, साडेचार तास येतो. का बरे?