दप्तराचे वर्ष आणि मुलांचे वर्ष

अंबाजोगाई,
एप्रिलअखेर

चि. वसुधा हिस,


तुझे पत्र पावले. नोकरीचे पहिले वर्ष सरत आले, संकलित मूल्यमापनाच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या, महाराष्ट्रदिनाचे झेंडावंदन आटोपले की प्रगतिपत्रके वाटून शाळेला कुलूप लावावयाचे, एवढेच आता उरले, असे तू समाधानाने लिहितेस. आणि त्याच पत्राच्या अखेरीस, ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेली काही मुले ऐन परीक्षेच्या तोंडावर वर्गात येऊन बसली आहेत, त्यांचे काय करावे हे उमजत नाही, अशी कुरकुरही करतेस. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, त्याविषयीच आज चार शब्द लिहितो.

शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास उघडते आणि मे महिन्याच्या आरंभी मिटते, ही व्यवस्था दप्तराच्या सोयीची आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, दाखले आणि शेरेबुक यांना कोठेतरी आरंभ आणि अखेर लागतेच. परंतु धारूरच्या डोंगरपट्ट्यातील ज्या घरांतून तुझा निम्माशिम्मा वर्ग येतो, त्या घरांचे वर्ष निराळ्या हिशेबाने चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची टोळी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात निघते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो, त्यावर घेतलेली उचल ऊस तोडून फेडावयाची असते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कडी असते. दुसरे सत्र असे या मुलांना जवळजवळ मिळतच नाही. आपण ज्या दिवशी वर्ष संपले म्हणून फळा पुसतो, त्या दिवशी ती नुकती कोठे गावात येऊन स्थिरावत असतात. हे ध्यानात घेतलेस, तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर तू प्रगतिपत्रकात न शोधता उन्हाळ्यात शोधशील.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास त्याच्या वयानुरूप वर्गात बसवावे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढावा, असे ठरविले. यांपैकी पहिली गोष्ट कारकुनी आहे, म्हणून ती बिनबोभाट होते. दुसरीस माणूस लागतो, म्हणून ती पुष्कळदा कागदावरच राहते. आता पाचवीस आणि आठवीस पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. तेव्हा चौथीपर्यंत सुखाने वर सरकत आलेला मुलगा पाचवीत एकदम उघडा पडतो, आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीवर टाकून सर्वजण मोकळे होतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंदी बाजारातल्या तयार पुस्तिकेतून उतरवून काढू नकोस. ‘वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो’, ‘शालेय साहित्य नीटनेटके ठेवतो’ ही वाक्ये सबंध वर्गाच्या नावापुढे सारखीच शोभतात, आणि जे वाक्य कोणाही मुलास चालते, ते कोणाही मुलाविषयी काही सांगत नाही. सरकारी रकान्यात जागा अपुरी पडत असेल, तर स्वतःची एक वही घाल आणि दर मुलास एक पान दे. हातच्याची वजाबाकी पाटीवर न साधणारा मुलगा बापाची उचल किती, आजवर किती टन ऊस तुटला आणि मुकादमाचे देणे किती राहिले, हे तोंडी अचूक सांगतो, असे तूच लिहिले आहेस. त्याच्या पानावर या दोन्ही गोष्टी मांड, कारण त्याचा पुढचा धडा या दोहोंच्या मधूनच सुरू व्हावयाचा आहे. त्याच्या जुन्या वहीची पाने ऑक्टोबरपर्यंत भरलेली आणि पुढे कोरी असतील. शेवटच्या भरल्या पानावर कोणते उदाहरण अर्धवट राहिले आहे, तेही टिपून ठेव. उद्या तुझी बदली झाली, तर तुझ्या जागी येणाऱ्या गुरुजींना गुणांच्या तक्त्याहून ही वही अधिक कामी पडेल.

दुसरे सांगणे कपाटातील पुस्तकांविषयी. पुस्तक हरवले तर तपासणीत खुलासा द्यावा लागेल आणि खिशातून वसुली होईल, या धास्तीने आमच्या पिढीतील कित्येक शिक्षकांनी गोष्टींची पुस्तके वाळवीच्या हवाली केली, पण मुलांच्या हाती दिली नाहीत. तू नावनिशीवार यादी करून ती सुट्टीसाठी वाटून टाक. चार पुस्तके फाटून आली, तर ती वाचली गेली असे समजावे.

तिसरे सांगणे सर्वांत महत्त्वाचे. या घरांत आईबाप, आजी आणि मूल ही सारी एका ठिकाणी आणि थोड्या निवांतपणे सापडावयाचे दिवस हेच. आश्विन उजाडेतो उचल हाती पडून बहुधा खर्चही झालेली असते. मग तू कितीही कळवळून बोललीस, तरी टोळीची गाडी थांबत नाही. मूल आजीपाशी ठेवता येईल काय, टोळीमागे गावात राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी त्याचे नाव द्यावयाचे काय, थोरली मुलगी मागे राहिली तर फडावर भाकरी कोण थापील आणि धाकट्यास कोण सांभाळील, या गोष्टी आताच घरोघरी जाऊन बोलावयास हव्यात. आणि बोलताना त्यांना शिक्षणाचे माहात्म्य ऐकविण्याआधी त्यांचा हिशेब ऐकून घ्यावा, कारण मूल अडते ते बहुतेक त्या हिशेबातच. असे हिंडताना शाळेतल्या एखाद्या मुलीच्या सोयरिकीची कुणकुण कानी आली, तर ती घरची बाब म्हणून सोडून देऊ नकोस. लग्नसराई आणि सुट्टी एकाच वेळी येतात, आणि जूनमध्ये हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसती गैरहजेरी उरते. प्रथम आईशी बोल, मुख्याध्यापकांना विश्वासात घे. त्यानेही न भागल्यास, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याच्याकडे जाण्यास संकोचू नकोस.

हे काम आपल्या नोकरीच्या कोणत्या कलमात बसते, असे कोणी विचारील. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांना आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांना असे दिसले, की गुरे राखावी लागत असल्यामुळे आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा काढताना त्यांनीही कलम पाहिले नसावे.

मात्र सबंध सुट्टी यात घाल, असे मी मुळीच म्हणत नाही. पहिला आठवडा वस्तीवर काढलास तर पुरे. त्यानंतर आईकडे जा, दुपारी स्वस्थ झोप, मनाजोगते वाच. थकलेला शिक्षक जूनमध्ये मुलांवर खेकसतो, आणि त्याचे मोल त्यांनाच मोजावे लागते.

मृगाच्या आधी एकदा ती वही घेऊन इकडे ये, म्हणजे पहिल्या पंधरवड्यात कोणास काय शिकवावयाचे, ते एकेक पान समोर ठेवून आपण ठरवू. हंगामी वसतिगृहासाठी जी नावे निघतील, ती मात्र शाळा उघडताच मुख्याध्यापकांकडे लेखी देऊन पोच घे. तोंडी सांगितलेली नावे दप्तरात कधीच जमा होत नाहीत.

तुझा,
दादामामा