परसातील पपई : फुलांतील बदल आणि पानांचा रोग

नंदुरबार जिल्ह्यात शहादा व तळोदा तालुक्यांनी पपईच्या लागवडीत नाव मिळविले आहे. घराघरांच्या परसातही पपई दिसते. उन्हाळ्यात अशा झाडाची फुले फळ न धरताच गळू लागली, की झाड 'नर झाले' असे समजून ते तोडले जाते. ही घाई बरी नव्हे. पपईत नर, मादी व उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडे असतात. त्यांपैकी उभयलिंगी झाड हवामानाप्रमाणे फुलांचे रूप बदलते. कडक उन्हाने व पाण्याच्या ताणाने फुलातील अंडाशय खुरटतो. थंडीत पुंकेसर अंडाशयाला जुळून वेडीवाकडी फळे धरतात. ऋतू पालटला व पाणी नियमित मिळाले, की तेच झाड पुन्हा चांगले फळते.

पानांची गोष्ट वेगळी. खालचे जुने पान पिवळे पडून गळणे स्वाभाविक आहे. परंतु शेंड्याची पाने चितकबरी होऊन दोऱ्यासारखी अरुंद झाली, देठांवर तेलकट हिरव्या रेषा व फळांवर वर्तुळे उमटली, तर तो रिंगस्पॉट विषाणूचा रोग होय. त्यावर औषध नाही. मावा कीड रोगट पानाला सोंड लावून काही क्षणांतच दुसऱ्या झाडाला रोग देते. फवारणीने ती मरेपर्यंत तिचे काम झालेले असते. हवाई बेटांवरील पुना भागात हा विषाणू १९९२ मध्ये आढळला आणि थोड्याच वर्षांत तेथील बागा उजाड झाल्या.

म्हणून असे झाड फळांनी लगडलेले असले, तरी मुळासकट उपटून नष्ट करावे. परसातील एकच झाड मायेने राखले जाते आणि मावा तेथूनच शेजारच्या शेतात पोहोचतो. काकडी-भोपळ्याचे वेलही पपईजवळ लावू नयेत. हा विषाणू त्यांवरही जगतो.